जयसिंगपूरच्या पुढचा नकाशा

रेल्वेच्या चौकशीत ‘वाडी’ एवढंच टाकलं तर समोर येतं ते कलबुर्गी जिल्ह्यातलं वाडी जंक्शन. सिमेंटच्या कारखान्याचं गाव, मोठं स्टेशन. दत्तभक्ताचा घोळ व्हायला आणखी एक कारण आहे. गाणगापूर रोड हे स्टेशन त्याच रुळांवर, जरा अलीकडे येतं, त्यामुळे गाणगापूरनंतर वाडी हा क्रम त्याला बरोबरच वाटतो. आपल्याला जायचंय ती वाडी मात्र तिथून कितीतरी दूर, शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आहे, आणि तिला रेल्वेच नाही. कागदोपत्री ती नृसिंहवाडी, भाविकांची नरसोबाची वाडी आणि पंचक्रोशीची नुसती वाडी. रेल्वेच्या नकाशावर यांतलं एकही नाव सापडत नाही. तिथे सगळ्यात जवळचा ठिपका जयसिंगपूरचा. त्यापुढचे पंधराएक किलोमीटर ज्याने त्याने बघून घ्यायचे.

हातीपायी धड माणसाचं यात काही अडत नाही. जयसिंगपूरला उतरावं, एसटी नाहीतर वडाप धरावं, शिरोळवरून तासाभरात वाडी गाठावी. पण समजा, ठाण्यातल्या एखाद्या घरातल्या आजी आता चाकाच्या खुर्चीत आहेत आणि त्यांना एकदा वाडीच्या दत्ताच्या पादुकांचं दर्शन घ्यायचं आहे. नातू फोन हातात घेऊन बसतो. गाडी मिळते, वेळ मिळते, तिकीट निघतं. घरापासून पादुकांपर्यंत किती ठिकाणी आजींना खुर्चीतून उठावं लागेल, हे मात्र त्याला कुठेच मिळत नाही. फलाट, डबा, पुन्हा फलाट, रिक्षा किंवा एसटी, वाडीचा स्टँड, पेढ्यांच्या दुकानांमधली गल्ली, मग घाट. प्रवासाचा त्रास गाडीत बसून होत नाही. एका वाहनातून दुसऱ्यात जाताना होतो आणि नकाशे नेमके तेवढ्याच जागी गप्प बसतात.

नकाशे असे का झाले, याला इतिहास आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल खात्यात हॅरी बेक नावाचा आराखडे काढणारा कर्मचारी होता. १९३१ साली त्याने त्या रेल्वेचा नकाशा विजेच्या सर्किटसारखा काढून पाहिला. रेषा सरळ किंवा ४५ अंशांत वळलेल्या, स्थानकांमधली अंतरं साधारण सारखी, जमिनीवरचं खरं अंतर विसरलेलं. जानेवारी १९३३ मध्ये तो नकाशा खिशात मावेल अशा आकारात छापून लोकांना दिला गेला आणि आज जगातल्या बहुतेक मेट्रोंचे नकाशे त्याच घराण्यातले आहेत. बेकने साध्या स्थानकाला एक छोटी रेघ दिली आणि गाडी बदलायच्या स्थानकाला चौकट. पुढे चौकटीचं वर्तुळ झालं. प्रवाशाला जे हवं तेवढंच ठेवायचं आणि बाकी सगळं पुसायचं, ही त्याची कमाल. पण जे पुसलं गेलं त्यात जिने होते, बोगदे होते, दोन फलाटांमधली दहा मिनिटांची चाल होती. नकाशात एक वर्तुळ दिसतं, आणि डोक्यात बसतं की इथे उतरलं की समोर दुसरी गाडी उभी.

ही उणीव भरायला लंडनने नंतर आपल्या नकाशावर चाकाच्या खुर्चीची खूण आणली, आणि तिचे दोन प्रकार केले. ज्या स्थानकात रस्त्यापासून थेट गाडीच्या डब्यात एकही पायरी न चढता जाता येतं, तिथे निळ्या ठिपक्यात पांढरी खुर्ची. जिथे पायऱ्यांशिवाय फलाटापर्यंतच जाता येतं आणि पुढे डबा वरखाली राहतो, तिथे पांढऱ्या ठिपक्यात निळी खुर्ची. एखादं स्थानक एका मार्गासाठी सोयीचं असेल आणि दुसऱ्यासाठी नसेल, तर खूण त्या एकाच मार्गावर काढायची. तिथल्या २७२ स्थानकांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्थानकांना ही खूण मिळाली आहे, म्हणजे लंडनने मिरवावं असं काही नाही. तरी त्या नकाशाची एक गोष्ट मला फार आवडते. तो स्वतःच्या रेल्वेची लाज झाकत नाही. उरलेली दोन तृतीयांश स्थानकं खुणेविना, उघडीबोडकी, सगळ्यांसमोर छापलेली असतात. (खुर्चीची ती खूण १९६८ साली सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढली. मूळ चित्रात नुसती खुर्ची होती. माणसाचं डोकं पुढच्या वर्षी दुसऱ्याने जोडलं. सोय आधी काढायची आणि माणूस नंतर आठवायचा, हा क्रम आपल्याकडेही ओळखीचा आहे.)

तीच दोन रंगांची पट्टी आपल्या रेल्वेला लावून पाहू. आपल्याकडचे उंच फलाट रुळांपासून जास्तीत जास्त ८४ सेंटिमीटर वर. लांब पल्ल्याच्या डब्याची जमीन त्याहूनही हातभर उंच. म्हणजे लिफ्ट असो, उतार असो, फलाट गुळगुळीत फरशीचा असो, शेवटचा हातभर कोणीतरी उचलल्याशिवाय खुर्ची डब्यात जात नाही. लंडनच्या हिशेबाने आपल्या जवळजवळ प्रत्येक स्टेशनला पांढरा ठिपकाच मिळेल. निळा ठिपका मिळवायचा तर तो मेट्रोने मिळवावा, कारण तिथे डबा आणि फलाट एका पातळीत बांधलेले असतात.

दिव्यांगांचा डबा रेल्वेने केला आहे. दार रुंद, आत खुर्चीला जागा, संडास मोठा. हा डबा बहुधा गार्डच्या डब्यातच असतो, म्हणजे गाडीच्या अगदी टोकाला. पादचारी पूल, लिफ्ट, चौकशीची खिडकी हे सगळं फलाटाच्या मध्यावर. त्यामुळे खुर्चीतल्या माणसाला सगळ्यात लांबची चाल. पण गंमत अशी की फलाटाच्या टोकालाच आणखी एक गोष्ट असते. फलाट उतरता करून रुळांच्या पातळीवरून पलीकडे नेणारी, पार्सलच्या हातगाड्यांची वाट. हमाल आणि स्टेशनवरचे कर्मचारी खुर्चीतल्या प्रवाशाला कित्येकदा याच वाटेने पलीकडे नेतात. पायरी एकही नाही. म्हणजे सोयीची वाट आपल्या स्टेशनांवर पहिल्यापासून आहे, फक्त ती सामानासाठी केली म्हणून कुठल्या पाटीवर किंवा नकाशावर आली नाही. पोत्यांना जिना चढता येत नाही हे इंग्रजांच्या काळातच कळलं होतं.

आजींना मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, कारण ती जयसिंगपूरला थांबते. पण थांबा इतका थोडका की खुर्ची आधी उतरवावी की माणूस, हे गाडीतच ठरवून ठेवावं लागतं. पुण्याहून सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूरची वंदे भारत आहे. तिच्या टोकाच्या डब्यांत खुर्चीसाठी जागा राखलेली आहे, पण ती जयसिंगपूरला थांबत नाही. मग मिरजेला उतरायचं. मिरजेत थांबा जरा सवडीचा, स्टेशन मोठं, वाडी तिथून वीसेक किलोमीटर.

मिरज म्हणजे आमच्या भागातलं गाडी बदलायचं आद्य ठिकाण. कोल्हापूरचा फाटा १८९१ साली मिरजेहूनच निघाला. शाहू महाराजांच्या राज्याला रेल्वे मिळाली ती या फाट्याने. जयसिंगपूर हे गावसुद्धा महाराजांनीच आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलं, आणि रुळालगतची पेठ म्हणूनच ते वाढलं. १९२७ साली बार्शी लाइटची चिमुकली, अडीच फुटी रुळांची गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे मिरजेला आली. १९७१ मध्ये पुण्याहून कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज झालं, लोंढ्याकडचा मार्ग मीटरगेजच राहिला, आणि पुढची बरीच वर्षं मिरजेत तीन रुंदीचे रूळ शेजारीशेजारी होते. पंढरपूरहून येऊन बेळगावला जाणारा माणूस इथे उतरणार, वळकटी खांद्यावर टाकणार, फलाट शोधणार. मालाचीही तीच तऱ्हा, एका वाघिणीतून दुसरीत पाठीवरून. रेल्वेच्या नकाशावर या सगळ्या उलाढालीची नोंद काय? तीन रेघा जिथे भेटतात तिथे एक ठिपका, खाली ‘मिरज’.

गाडी बदलण्याचा त्रास कमी करायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ती बदलावीच न लागणं. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, तेव्हा ते पाणी वाटेत कुठे उपसून दुसऱ्या गाडीत भरावं लागलं नाही. तोवर लातूरपर्यंतचे रूळ एका रुंदीचे झाले होते. माणसांच्या वाटेलाही हे यावं.

आणि गाडी बदलावीच लागली तर ती जागा निदान एक असावी. मुंबईत त्यासाठी किती काळ लागला ते दादरला पाहावं. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे दोन वेगवेगळे एक नंबरचे फलाट तिथे कित्येक पिढ्या नांदले. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ अशी सलग मोजणी सुरू झाली. नकाशावर दादर कधीपासूनच एक वर्तुळ होतं, जमिनीवर ते एक व्हायला २०२३ साल उजाडलं. मेट्रोत याच्या उलट चाललं आहे. पहिल्या मार्गावरचं स्थानक ‘वेस्टर्न एक्सप्रेस हायवे’ आणि त्याला पुलाने जोडलेलं सातव्या मार्गावरचं ‘गुंदवली’. ‘डी. एन. नगर’ला जोडलेलं ‘अंधेरी पश्चिम’. गाडी इथेच बदलायची आहे, पण नावं वाचून ते कोणाला कळावं? जुन्या लोकलच्या जाळ्यात परळ आणि प्रभादेवी अशीच दोन नावांची एक जागा. २०१८ पर्यंत प्रभादेवीचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं, आणि २९ सप्टेंबर २०१७ ला पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. नकाशावर दोन ठिपक्यांमध्ये काढलेल्या केसाएवढ्या रेघेत तो जिना होता. गाडी बदलण्याच्या जागा नीट दाखवा, असा आग्रह धरणाऱ्याला कोणी हौशी म्हणत असेल तर त्याने हा जिना आठवावा.

इकडे एसटीचा नकाशा सहसा कुठे दिसत नाही. तिचा नकाशा म्हणजे स्टँडवरचा रंगवलेला फलक आणि गाडीच्या कपाळावरची पाटी, त्यात खाली बारीक अक्षरांत ‘मार्गे शिरोळ’ किंवा ‘मार्गे इचलकरंजी’. ज्याला गावं माहीत आहेत त्याला तेवढं पुरतं. कोल्हापूरहून वाडीला इचलकरंजी-कुरुंदवाडवरून पंचगंगा ओलांडून येता येतं, जयसिंगपूर-शिरोळवरून येता येतं, सांगलीकडून आणखी वेगळं. फलकावर वेळ असते, मार्ग असतो. गाडीच्या दाराशी किती पायऱ्या आणि पहिली पायरी जमिनीपासून किती वर, हे नसतं. ते लिहायची गरज नाही असंही कोणी म्हणेल, कारण सगळ्याच गाड्या सारख्या, जमीन मीटरभर उंच, दार अरुंद. दिव्यांगांना एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास फुकट. चांगल्या योजना आहेत, त्यांनी कित्येक म्हातारी माणसं घराबाहेर काढली. पण सवलतीने तिकीट उतरतं, पायरी उतरत नाही. आजींच्या नातवाला शेवटी जयसिंगपूरच्या स्टेशनबाहेरची रिक्षाच करावी लागणार, खुर्ची मिटून मागे बांधायची आणि आजींना दोघांनी धरून आत बसवायचं.

आणि मग वाडी. इथे नकाशाची खरी परीक्षा आहे, कारण इथली जमीन नदी ठरवते. दत्ताचं देऊळ गावाच्या उंचीवर नाही, कृष्णेच्या काठाला, घाटाच्या उतारावर आहे. आत मूर्तीऐवजी पादुका. नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले अशी श्रद्धा आहे. देवळाला नेहमीसारखं शिखर नाही, आणि त्याची कथा पुजाऱ्यापासून पेढेवाल्यापर्यंत कोणीही सांगेल. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची गेलेली दृष्टी इथल्या कृपेने परत आली आणि शहाने देऊळ बांधून दिलं. इतिहास म्हणून ही कथा तपासायचं काम इतिहासकारांचं. मला तिच्यातली एवढीच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते की हे स्थान स्वतःची ओळख एका अंध मुलीपासून सांगतं.

पावसाळ्यात धरणांचं पाणी सुटलं की कृष्णा घाट चढते. पाणी गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री धावत येतात. पाणी चढताना होतो तो चढता आणि ओसरताना होतो तो उतरता. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला, नारायणस्वामी महाराजांच्या मंदिरात नेतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर नदी गावातच आली, औरवाडकडचा जुना पूल दिसेनासा झाला, मिरज-कोल्हापूर रेल्वेसुद्धा बंद पडली. म्हणजे या गावात रस्ते, पूल, गाडी बदलायच्या जागा आणि देवाची जागा, सगळंच पाण्याच्या पातळीबरोबर सरकतं. लंडनच्या नकाशावर ‘अमुक महिन्यापर्यंत लिफ्ट बंद’ अशी तळटीप असते. वाडीच्या नकाशाला तळटीप पुरणार नाही, दोन नकाशेच लागतील. एक नदी पात्रात असतानाचा, एक नदी घाटावर आल्यानंतरचा. कुठले रस्ते आणि बंधारे पाण्याखाली गेले याची यादी जिल्हा प्रशासन पुराच्या दिवसांत रोज देतंच. त्या यादीचं चित्र करायचं काम तेवढं उरलं आहे.

घाटावर खुर्ची दिसली की चार हात पुढे येतात, हे मात्र लिहायलाच हवं. “कशाला काळजी करतायसा आजी, उचलून न्हेतो की आम्ही!” आमच्या भागातली ही माया खोटी नाही. ओळखपाळख नसताना माणसं खुर्चीचे चार कोपरे धरतात, ओल्या दगडांवरून सांभाळून उतरवतात, आणि पुढे पेढ्याचा तुकडासुद्धा घेत नाहीत. पण उचलून नेलेल्या माणसाला कधी उतरायचं, कधी थांबायचं, कधी परत फिरायचं हे दुसऱ्यांच्या सवडीने करावं लागतं. पालखीपर्यंत बसावं असं आजींच्या मनात असलं तरी चार जणांना किती वेळ अडकवायचं या संकोचाने त्या ‘चला’ म्हणतात. मदत मिळेल या भरवशावर घर सोडणं वेगळं आणि आपल्याला जाता येईल हे माहीत असून निघणं वेगळं. नकाशावरच्या खुणेचं काम दुसऱ्या प्रकारचं आहे. जिथे मदतीशिवाय चालत नाही तिथे ‘मदत लागेल’ असंच छापावं, त्यात कमीपणा नाही.

हे कोल्हापूरला नव्याने सांगायला नको. सोळाव्या वर्षी पायांतली शक्ती गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथेच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन महाराष्ट्रभर वाचलं गेलं. खुर्चीतल्या मुलामुलींनी शाळा, वसतिगृह, कामधंदा यांपर्यंत पोचावं म्हणून या जिल्ह्यात चार दशकं काम चाललं आहे. मग देवदर्शनाची वाट तेवढी मागे का राहावी?

कायदाही आता बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या आहे, आणि तिच्यात रेल्वे स्टेशन, फलाट, बसस्थानक यांच्याबरोबर धार्मिक कामासाठी लोक जिथे येतात ती जागाही आहे, मग ती सरकारी असो वा खासगी. म्हणजे जयसिंगपूरचा फलाट, वाडीचा स्टँड आणि दत्ताचा मंडप कायद्याच्या एकाच वाक्यात बसतात. जुन्या इमारतींना नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सोयीचे किमान नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. जुन्या घाटाला हात लावणं सोपं नाही, नदीकाठी पक्कं बांधकाम तर आणखी अवघड, हे मान्य. नकाशाला मात्र घाट फोडावा लागत नाही. पैसे लागतात ते कागदाचे आणि छपाईचे.

त्या एका पानावर काय हवं? जयसिंगपूर आणि मिरज या दोन्ही ठिकाणी डब्यापासून रिक्षापर्यंतची वाट, मध्ये पूल की रुळांवरची हातगाडीची वाट. रिक्षा देवळाच्या किती जवळ येते. स्टँडपासून देवळापर्यंत चढ-उतार कुठे, फरशी कुठे, खडबडीत दगड कुठे. पायऱ्यांचे टप्पे, प्रत्येक टप्प्यात किती पायऱ्या, कठडा कुठल्या हाताला. खुर्ची आत जाईल असा संडास. सावलीत थांबायची जागा. पादुका न दिसल्या तरी आरती ऐकू येईल आणि पालखी समोरून जाईल अशी जागा. आणि नदी वर आली की यातलं काय बदलतं. सांगलीचं वालचंद किंवा इचलकरंजीचं डीकेटीई, यांच्यापैकी कुठल्याही महाविद्यालयातली मुलं टेप आणि वही घेऊन एका सुट्टीत हे मोजून देतील. फक्त मोजणाऱ्यांमध्ये खुर्ची वापरणारा एक जण हवाच, नाहीतर दोन इंचांचा उंबरठा कोणाच्या लक्षातच येणार नाही.

गुरू कन्या राशीत आला की वाडीला कन्यागत महापर्व भरतं, बारा वर्षांतून एकदा. मागचं ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं, पुढचं २०२८ मध्ये आहे. त्याच्या आराखड्याच्या बैठका सुरू होतील, रस्ते-दिवे-वाहनतळांवर खर्च पडेल, तेव्हा हे एक पानही त्यात असावं अशी श्री दत्त देव संस्थान, एसटी महामंडळ आणि रेल्वे यांना विनंती आहे. वाचकांपैकी कोणी यंदा दत्तजयंतीला वाडीला जाणार असेल तर त्यांनी उतरताना पायऱ्या मोजाव्यात, कठडा कुठे तुटतो ते पाहावं, आणि परतताना ते आकडे संस्थानच्या कार्यालयात लिहून द्यावेत.